वसईचा कोट, वसईचा किनारा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबांना समुद्राची ओढ लागते. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा या भागांत वाढलेल्या मुलांच्या परिचयाचे मोठे पाणी म्हणजे वर्धा आणि पैनगंगा. आणि त्या नद्यांचीही एप्रिलात काय अवस्था होते, हे सांगावयास नको. म्हणून धर्मग्रामाची सहल काढावयाची ठरली, की कोणी गोव्याचे नाव घेतो, कोणी वेलांकनीचे, कोणी वांद्र्याच्या माउंट मेरीचे. वसईचे नाव त्यात क्वचितच येते. आले तरी ते समुद्रकिनारा, पोहण्याचे तलाव आणि तळलेले मासे एवढ्यापुरतेच येते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे मुंबईकर वसईला ज्या नजरेने पाहतात, तीच नजर आपण उसनी घेतो.

ही नजर अपुरी आहे, असे मला प्रांजळपणे वाटते. महाराष्ट्रातील कोणाही ख्रिस्ती माणसाला, विशेषतः 'तुमचा धर्म परका, तुम्ही गोऱ्यांचे' हा टोमणा कधी ना कधी ऐकावा लागलेल्या आपल्या तरुणांना, वसईने पुष्कळ शिकविण्याजोगे आहे. त्यातील काही धडे सुखद आहेत, काही कडू आहेत. दोन्ही घेण्याची तयारी ठेवून तेथे जावे. तेथे काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि पाहताना काय आठवावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

भूमी आणि वाट

दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि पश्चिमेस सिंधुसागर, अशा चौकटीत वसईचा हा सुपीक पट्टा वसलेला आहे. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. धामणगाव किंवा बडनेरा येथे मुंबईची गाडी धरावी, दादरला उतरावे, आणि तेथून पश्चिम रेल्वेच्या विरारकडे जाणाऱ्या लोकलने वसई रोड स्थानक गाठावे. मुंबईहून येणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात येथे पोहोचला आणि वसईची भाजी, केळी, फुले व विड्याची पाने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. स्थानकाच्या पश्चिमेकडे बस किंवा रिक्षा मिळते. मे महिन्याचा उकाडा आणि पावसाळ्यातील साचलेले पाणी टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जाणे उत्तम.

आधी सोपारा

बहुतेक प्रवासी थेट किल्ल्याकडे धावतात. माझा आग्रह असा, की वसई पाहावयाची ती सोपाऱ्यापासून. आज नालासोपारा म्हटले की लोकलची गर्दी आणि इमारतींची दाटी डोळ्यांपुढे येते. परंतु प्राचीन शूर्पारक ते हेच. या बंदरातून पश्चिमेकडील देशांशी व्यापार चाले. १८८२ साली थोर संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा आतून बौद्ध स्तूप निघाला. त्यातील दगडी पेटीत आठ लहान बुद्धमूर्ती, भिक्षापात्राचे तुकडे आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे सापडले. तो स्तूप आजही नालासोपाऱ्याच्या पश्चिम भागात पाहता येतो.

त्याच सुमारास सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा भाग हाती आला. आठव्या लेखाचा आशय सहलीस निघालेल्या प्रत्येकाने मनात घोळवावा असा आहे. पूर्वीचे राजे मृगया आणि करमणूक यांसाठी विहारयात्रेला जात. आपण मात्र त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, तीत साधुजनांची भेट, वृद्धांना साहाय्य आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मविषयक संवाद घडतो, असे अशोक सांगतो. म्हणजे समुद्रकाठच्या या गावाला सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच कोणीतरी विहारयात्रा आणि धर्मयात्रा यांतील भेद दगडावर कोरून दिलेला आहे.

सोपाऱ्याशी ख्रिस्ती इतिहासाचेही एक नाते आहे, आणि ते पोर्तुगीजांहून दोन शतकांनी जुने आहे. १३२१ साली चीनच्या वाटेवर निघालेले चार फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास उतरले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस ही त्यांची नावे. त्या वेळी ठाण्यात सिरियन परंपरेतील नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची सुमारे पंधरा घरे होती, आणि त्यांच्याच आश्रयाला हे पाहुणे राहिले. एप्रिल महिन्यात तेथील अधिकाऱ्यांच्या आज्ञेने ते मारले गेले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डन हा डोमिनिकन धर्मबंधू त्या वेळी ठाण्यात नव्हता. वार्ता कळताच त्याने त्यांची शवे मिळवून सोपाऱ्यास आणली आणि तेथील चर्चमध्ये त्यांचे दफन केले. हा जॉर्डन पुढे कोल्लमचा पहिला बिशप झाला. सोपाऱ्याच्या त्या चर्चचा आज मागमूस नाही. तथापि एवढे निश्चित, की वास्को द गामाचे जहाज कालिकतला लागण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे या किनाऱ्यावर ख्रिस्ती माणसे राहत होती, आणि त्यांच्यामागे ना तोफ होती ना सिंहासन. परकेपणाचा आरोप ज्याच्या मनाला लागतो, त्याने सोपाऱ्याच्या रस्त्यावरून एकदा तरी चालावे.

कोटाच्या आत

आता किल्ल्याकडे वळू. १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने वसईवर स्वारी करून गुजरातच्या सुलतानाची तटबंदी उद्ध्वस्त केली. पुढच्याच वर्षी सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने जेरीस आला, आणि २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्याखालील प्रदेश त्याने पोर्तुगिजांना देऊन टाकला. मुंबईची बेटेही त्यात होती. त्यानंतर दोन शतके वसई ही पोर्तुगिजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी होती. वैभवात गोव्याखालोखाल हेच नगर. येथील घडीव दगड जहाजांत भरून गोव्यास जाई, आणि जुन्या गोव्यातील नामांकित चर्चच्या दर्शनी भागांत तो बसविलेला आहे.

भुईदरवाजाने आत शिरावे. वळणाची वाट, जाड भिंती आणि अंगावर येणारा काळोख पाहिला, की शत्रूला दारातच कोंडण्याची युक्ती ध्यानात येते. पलीकडच्या टोकास दर्यादरवाजा आहे. तेथून किल्ला बंदराचा कोळीवाडा आणि खाडीत डुलणाऱ्या होड्या दिसतात. या दोन दारांमध्ये एक संपूर्ण शहर पडलेले आहे: रस्ते, वाडे, कोठारे, रुग्णालय, मठ आणि एकामागून एक चर्च. डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन, येशूसंघीय अशा साऱ्या संघांनी येथे आपापली घरे बांधली. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पायांखाली पोर्तुगीज अक्षरांतील थडग्यांचे दगड दिसतात. कोणाचे घराणे, कोणाचे पद, कोणाची ढाल. वर मात्र आकाश. छप्पर गेले, घराणी गेली, उरली ती अक्षरे.

संत जोसेफचे मुख्य चर्च त्याच्या उंच मनोऱ्यामुळे लांबून ओळखू येते. दारावरच्या शिलालेखावरून १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, ते नव्याने बांधले गेल्याचे कळते. हे मेनेझिस म्हणजे १५९९ साली केरळात उदयम्पेरूरची धर्मसभा भरवून तेथील प्राचीन सिरियन ख्रिस्ती परंपरेला लॅटिन मुशीत घालू पाहणारे धर्माधिकारी. त्या प्रयत्नात अनेक सिरियन ग्रंथ आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. म्हणजे 'परकेपणा'चा जाच हिंदू बांधवांनीच सोसला असे नव्हे. या भूमीतील जुन्या ख्रिस्ती लोकांनीही तो सोसला.

येथे कडू घोट घेणे भाग आहे. पोर्तुगीज अमलात या परिसरातील देवळे पाडली गेली, उत्सवांवर बंधने आली, धर्मांतरास राजसत्तेचे पाठबळ मिळाले. निर्मळच्या प्राचीन तीर्थक्षेत्राची हानी झाली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे रूपांतर फ्रान्सिस्कनांनी ख्रिस्ती उपासनागृहात केले. त्या काळातील मिशनऱ्यांत निःस्वार्थी, रुग्णसेवेत देह झिजविणारे पुरुष होते, हे खरे. संत फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेले, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु क्रूस आणि तलवार एकाच जहाजातून उतरली, की क्रुसाचा अर्थ लोकांना कळेनासा होतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या बळजबरीबद्दल देवाजवळ जाहीर क्षमायाचना केली. वसईच्या कोटात उभे राहून ती प्रार्थना आपणही मनोमन म्हणावी. सहलीच्या कार्यक्रमात या प्रार्थनेला पाच मिनिटे राखून ठेवावीत, असे मी सुचवीन.

गोन्सालो : वसईचा पुत्र

याच कोटातील येशूसंघीयांच्या शाळेत एक मुलगा शिकत होता. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. पंधराएक वर्षांचा असताना तो एका येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तेथील भाषा त्याने आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. निराश होऊन तो व्यापारात पडला आणि त्यात यशस्वीही झाला. पण मनाची तहान भागली नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्याला धर्मबंधू म्हणून स्वीकारले आणि १५९३ मध्ये पीटर बाप्टिस्टा यांचा दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस रक्तसाक्षींना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत गोन्सालो होता. १६२७ मध्ये त्याला धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

या चरित्रातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोन्सालोचे सामर्थ्य तोफेत नव्हते, भाषेत होते. तो परक्या देशात गेला तो त्या देशाची बोली शिकून. आणि तेथे जो मृत्यू आला तो त्याने कोणावर हात न उगारता स्वीकारला. जेथे त्याचे सहधर्मी राज्य करीत होते त्या वसईत त्याला मोठेपण लाभले नाही. जेथे ख्रिस्ती माणूस दुबळा होता त्या भूमीत लाभले. कोटातील येशूसंघीयांचे चर्च आज त्याच्याच नावाने ओळखले जाते आणि त्याच्या सणाला भाविकांची तेथे दाटी होते. भग्न नगरात एवढ्या एकाच ठिकाणी छप्पर आणि मेणबत्ती दोन्ही शाबूत आहेत.

१७३९ आणि देशोदेशी गेलेल्या घंटा

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि अर्नाळा घेतले. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. तीन महिने झुंज चालली. तटाखाली सुरुंग लावावे, ते कधी साधावे कधी फसावे, खिंडारातून चढणाऱ्यांवर वरून आगीचा वर्षाव व्हावा, असे ते दिवस होते. मराठ्यांकडील ठार व जखमींची संख्या पाच हजारांवर गेली, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. अटी उदार होत्या: सैन्याने हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडावे, ज्यांना जावयाचे त्यांनी चीजवस्तू घेऊन जावे, जे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा असावी. २३ मे रोजी मराठ्यांचे निशाण कोटावर चढले.

या विजयाच्या दोन खुणा आजही पाहता येतात. वसईहून काही कोसांवर तानसा नदीकाठी वज्रेश्वरीचे मंदिर आहे. वसई हाती आल्यास मंदिर बांधीन, हा चिमाजी अप्पांचा नवस त्यामागे आहे. दुसरी खूण म्हणजे घंटा. वसईच्या चर्चमधील आणि त्या मोहिमेतील इतर ठाण्यांवरील घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरात त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता दिसते. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. माता मरियेची आकृती मिरविणारी घंटा महादेवाच्या द्वारी दोनशेऐंशी वर्षे घुमते आहे आणि गावकऱ्यांनी ती आकृती पुसून टाकलेली नाही. इतिहासात सूड असतो, तसा त्याच्या पोटात कधी नकळत सांभाळही असतो.

कोटात आज चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची मंदिरेही आहेत. आपल्या मंडळींनी तेथे संकोचून उभे राहण्याचे कारण नाही. चिमाजी अप्पा एका परकीय सत्तेविरुद्ध लढले आणि जिंकल्यावर सामान्य ख्रिस्ती रयतेला त्यांनी अभय दिले. त्या अभयाचे आपण वारस आहोत.

वसईचा तह आणि आपले वऱ्हाड

वसईचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते आणखी एका कारणाने, आणि त्याचा धागा थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून कोकणात आला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईस राहिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौज स्वीकारणारा तह केला. तोच वसईचा तह. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना तो मान्य होणे शक्य नव्हते, युद्ध पेटले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडील अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क सोडला. तो मुलूख निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या हाती सोपविला.

वर्धेच्या पश्चिमेस म्हणजे आपण. समुद्रकाठच्या एका गावात बसून एका भित्र्या पेशव्याने केलेल्या सहीमुळे वणी आणि यवतमाळच्या शेतकऱ्याचा धनी एका वर्षात बदलला. कोटातील पडक्या भिंती पाहताना हे मुलांना अवश्य सांगावे; म्हणजे वसई दूरची राहत नाही.

जे मागे राहिले

१७३९ मध्ये सरदार गेले, संघांचे मठ रिते झाले. गेला नाही तो शेतकरी आणि कोळी. त्यांना जाण्यासाठी गोवा किंवा लिस्बन नव्हते. त्यांची केळीची वाडी, त्यांची विहीर, त्यांचे जाळे येथेच होते. संरक्षण करणारी सत्ता नाही, पुरेसे धर्मगुरू नाहीत, आणि ज्या राज्याचा धर्म आपण स्वीकारला ते राज्य बुडालेले. पुन्हा पूर्वीच्या वाटेने जाण्यास याहून सोयीचा क्षण कोणता होता? तरीही वसईत श्रद्धा टिकली. गोव्याकडून येणाऱ्या मोजक्या देशी धर्मगुरूंच्या आधारावर, घरच्या वडीलधाऱ्यांनी म्हटलेल्या प्रार्थनांवर आणि अंगणातील क्रुसापुढे लावलेल्या दिव्यावर ती टिकली. पुढे हा प्रदेश कधी गोव्याच्या, कधी दमणच्या, तर विसाव्या शतकात मुंबईच्या धर्माधिकाराखाली आला. २२ मे १९९८ रोजी स्वतंत्र वसई धर्मप्रांत स्थापन झाला आणि पापडी येथील कृपामातेचे चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले.

माझ्या मते वसईचे खरे दर्शन येथे आहे. कोट पाहून झाल्यावर पापडी, रमेदी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतून हिंडावे. पापडीच्या चर्चचा आरंभ १५७४ चा, नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचा १५७३ चा. निर्मळला चर्च आणि शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर एकाच गावात आहेत. मराठ्यांच्या काळात या तीर्थाचा उद्धार झाला आणि कार्तिकात तेथे मोठी जत्रा भरते. त्या जत्रेत केळी आणि भाजी विकणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकरी असतो, याचे तेथे कोणाला नवल वाटत नाही.

सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी अशा अनेक समाजांनी वसईचा ख्रिस्ती समाज घडला आहे. सामवेदींची कादोडी बोली, म्हाताऱ्या स्त्रियांचे लाल लुगडे, लग्नातील गाणी, सारे मराठीच्या मुळातले. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी हा आगाशी-नंदाखालकडचा खास मेवा. घरी आणण्यासाठी यासारखी दुसरी भेट नाही. वाड्यांमधून 'बावखल' नावाची गोड्या पाण्याची तळी दिसतील. पावसाचे पाणी साठवून समुद्राच्या खाऱ्या पाण्याला दूर ठेवण्याची पूर्वजांची ही योजना होती. पाण्यासाठी तळमळणाऱ्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ही बावखले पाहून यावीत. त्यांतील कित्येक अलीकडे बुजविली गेली, हेही पाहावे.

आता किनारा

आणि आता समुद्र. त्याच्याकडे पाठ फिरविण्यास मी कोणाला सांगणार नाही. बालकांना लाटांत भिजू न देणारी धर्मयात्रा कोरडीच राहील. वसई गावाजवळचा सुरुची बागेचा किनारा, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा, असे एकामागून एक किनारे उत्तरेकडे पसरलेले आहेत. गोव्यासारखी पांढरी वाळू येथे शोधू नये; वाळू करडी, ओहोटीत चिखलही फार. परंतु सुरूच्या बनातून येणारा वारा, घोडागाडीत बसण्यासाठी मुलांची चाललेली घाई, शहाळी, भाजलेली कणसे, मांडवांवर वाळणारे बोंबील आणि सूर्यास्ताला परतणाऱ्या होड्या, एवढे पुरेसे आहे. अर्नाळ्याहून होडीने बेटावर जाता येते. तेथील जलदुर्ग, कालिकामातेचे मंदिर आणि तटावरून दिसणारे वैतरणेचे मुख अविस्मरणीय.

एक इशारा मात्र देतो. भरती-ओहोटीची वेळ कोळी बांधवांना विचारल्याखेरीज पाण्यात उतरू नये. नदीत पोहणाऱ्याला समुद्राची ओढ कळत नाही, आणि या किनाऱ्यांवर सहलीस आलेल्यांचे प्राण गेलेले आहेत.

हे किनारेही आता आक्रसत चालले आहेत. भुईगाव, कळंबकडे सुरूची झाडे मुळांसकट लाटांत कोसळताना दिसतात. बेसुमार वाळूउपशाने आणि चढत्या पाण्याने जमीन खचते आहे. आत शहर फुगते आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिले आणि रेल्वे बंद पडली. हे सारे अवचित घडले असे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शासनाने या हरित पट्ट्यातील हजारो एकर जमीन इमारतींसाठी मोकळी केली, तेव्हा गावकऱ्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती' उभारून तिला विरोध केला. जमीनमाफियांची दहशत असताना त्या लढ्याच्या अग्रभागी एक धर्मगुरू होते: फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या बरोबर ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. विहिरीचे पाणी खारट होते तेव्हा ते जात विचारीत नाही.

यवतमाळहून धाराशिवकडे

नंदाखालचे हे फादर दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या यवतमाळात भरले, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. त्या नंतरच्या, जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटोंना मिळाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान का, म्हणून काहींनी विरोध केला, धमक्याही आल्या. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

'तुम्ही परके' या टोमण्याला वसईने दिलेले उत्तर ते हेच. ते तलवारीने दिलेले नाही, तक्रारीनेही नाही. अडीचशे-तीनशे वर्षे आपली जमीन कसून, आपली बोली बोलून, अखेर त्याच मराठीत इतके चांगले लिहून, की साऱ्या महाराष्ट्राने व्यासपीठाची मधली खुर्ची पुढे केली. कोटातील वैभवशाली चर्च सत्तेने बांधली. सत्ता गेली तशी ती ओस पडली. कोटाबाहेरील गावांतली चर्च लोकांनी सांभाळली. तेथे आजही दर रविवारी मराठीत मिस्सा होते. या दोन दृश्यांतील अंतर जेमतेम काही किलोमीटरचे आहे, परंतु ख्रिस्तसभेने या देशात कसे राहावे, याचा पुरा पाठ त्यात आहे.

आमच्या वऱ्हाडातील धर्मग्रामे लहान आहेत, विखुरलेली आहेत. कोणा राजाने ती वसविली नाहीत. वसईच्या भग्न कोटाकडे पाहून आपण लहान आहोत याचे दुःख करू नये. वसईत टिकले ते लहानच होते. म्हणून या सुटीत अवश्य जावे. समुद्रात मनसोक्त भिजावे, सुकेळी खावी, मुलांना तटावर चढवावे. केवळ एवढे करावे, की एक सकाळ सोपाऱ्यासाठी आणि एक रविवार एखाद्या गावच्या चर्चसाठी राखून ठेवावा. शूर्पारकच्या शिलालेखाने विहारयात्रेची धर्मयात्रा करण्यास सांगितले आहे. ते सांगणे बौद्ध राजाचे असले तरी आपल्याही कल्याणाचे आहे.